काचेवर चढणारा न्यूट

म्हैसूरच्या गोकुलममध्ये माझ्या वरच्या मजल्यावर योग शिकायला आलेली एक परदेशी बाई राहायची. मायदेशी परतताना तिने आपला न्यूट माझ्याकडे सोपवला. न्यूट दिसायला पालीसारखा, पण गोत्र बेडकाचं. काळी पाठ, केशरी पोट, मुक्काम पाण्यात. त्याला काय लागतं, काय सोसत नाही, हे तिने बराच वेळ समजावलं. मी मान डोलावत मनात नकाराची वाक्यं जुळवत होतो. ती जुळेपर्यंत टाकी माझ्या टेबलावर आली होती.

थंडीभर त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दगडाखाली पडून असायचा, गांडुळाचा तुकडा दिला की खायचा आणि परत आत. उन्हाळा लागला तसा तो बदलला. मी कामाला बसलो की काचेला पोट चिकटवून वर चढायची धडपड करायचा. त्याला माझा लळा लागला, असं मी ठरवून टाकलं. नाशिकला आईला व्हिडिओ पाठवले. चाळिशीतल्या एकट्या माणसासाठी कुणीतरी काच चढतंय, ही बातमी माझ्या मते लहान नव्हती.

खाली घरमालकीण काकू राहायच्या. त्यांचं घराणं कैक पिढ्या म्हैसुरात. घरात मराठी, पण निम्मे शब्द कन्नड. त्या वर आल्या तेव्हा मी न्यूटची माया कौतुकाने दाखवली. त्यांनी जरा वेळ पाहिलं.

"सेके रे त्याला, सेके. काहीतरी कर," एवढं बोलून त्या गेल्या.

मी ऐकलं 'शेक'. म्हणजे बिचारा गारठला असणार. नीट विचारायला कमीपणा वाटला. मी झाकण सरकवलं आणि टेबललॅम्प टाकीवर आणला. तो दुप्पट जोराने चढू लागला. मला वाटलं, आभार मानतोय. चहा करून आलो तर टाकी रिकामी.

काकूंना हाक मारली. आम्ही दोघांनी घर पालथं घातलं. तो माठाच्या तिवईखाली, गळलेल्या पाण्यात पोट टेकून बसला होता. ओल्या हाताने उचलून त्याला टाकीत सोडताना काकूंची नजर दिव्यावर गेली. मी म्हणालो, तुम्हीच शेक द्यायला सांगितलंत. त्या खुर्चीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"सेके म्हणजे उकाडा," त्या म्हणाल्या. "तो तुला भेटायला नाही चढत. पाणी तापलंय, त्यातून सुटायला बघतोय."

टाकी आम्ही स्वयंपाकघरातल्या थंड कोपऱ्यात, जमिनीवर नेली. गोठवलेली पाण्याची बाटली आत तरंगत ठेवली, वर जाळी घातली. दोन दिवसांत तो दगडाखाली गेला आणि माझी ओळख विसरला. आता शेपटीचं टोक दिसलं तरी मला बरं वाटतं.

काकूंकडे मी कन्नडची शिकवणी लावली आहे. त्या म्हणतात, जीभ ठीक आहे, विचारायची लाज तेवढी जायला हवी.