पहिला प्रवासी घरचाच

वसईजवळच्या गास गावच्या पास्कल सरांना मी प्रथम पाहिलं ते आमच्या शाळेत. थर्माकोलचं ग्लायडर हातात धरून ते बोलत होते. "इंजिनच नाही, तर पडत कसं नाही?" मी विचारलं. "ये आणि बघ," सर म्हणाले. झालं! अर्नाळ्याच्या कोळ्याची ही पोर पुढे घाट चढून त्यांच्या ग्लायडिंग केंद्रात दाखल झाली.

वळताना ग्लायडर कललं की मी उलट्या बाजूला अंग टाकायचे. होडीत आम्ही तेच करतो ना! सोबतचे खिदळायचे. सर हसले नाहीत. एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ते थेट अर्नाळ्याला आले, बाबांच्या होडीत बसले आणि म्हणाले, "सवय चांगलीच आहे, फक्त पाण्यावरची आहे." शिष्याचं कुठे अडतंय ते त्याच्या घरी जाऊन पाहणारे गुरू मला दुसरे भेटले नाहीत.

पुढे मला प्रवासी नेण्याची परवानगी मिळाली. सरांचा नियम होता: पहिला प्रवासी घरचाच, त्यातही सर्वांत जास्त विरोध करणारा. म्हणजे मासळी विकणारी आमची आई! "पान्यात मानूस पडला तं पोहून येल. वरशी पडला तं?" हे तिचं ठरलेलं. सरांनी हात जोडले. "ताई, एकदा बसा. उतरल्यावर नको म्हणालात, तर हिचं उडणं बंद. माझा शब्द." सर शब्द मोडत नाहीत, हे इथे जमलेले आपण सारे जाणतोच.

दोराने आम्हाला वर खेचलं, दोर सुटला, सगळं शांत झालं. "आई, बरी आहेस ना?" "गप चालव!" मी वळले, तर मागे टक्! आईनेही उलट अंग टाकलं होतं आणि डोकं काचेवर आपटलं होतं. मला हसू आवरेना, आणि रडूही येत होतं. आता कसली ही हो म्हणते!

उतरल्यावर सर धावत आले, झाकण उघडलं. आई जागची हलेना. "काय ठरलं, ताई?" सरांचा आवाज कापत होता. माझ्यासाठी ते इतके घाबरलेले पाहून मला भरून आलं.

"मना काय इचारता? मी डोले मिटून व्हते," आई म्हणाली. "आता उघडे ठेवते. परत न्या."

त्या दुसऱ्या फेरीनंतर माझं उडणं कुणी अडवलं नाही. आज मीही शिकवते.

सर, पंचाहत्तरी पार केलीत, असेच ठणठणीत राहा. आई रोज देवापुढे सांगते, "मास्तरांना लय वर्सं ठेव. आमच्या आलीतल्या सगल्या बाया अजून उडायच्या हायत."