मक्यातलं ग्रहण

सकाळी उस्मानपुऱ्यातून निघाले ती डोक्यात राख घालूनच. ग्रहण होऊन दोन दिवस झाले होते आणि ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर एकच व्हिडिओ फिरत होता. पिशोरजवळच्या मक्याच्या शेतात दोन वर्तुळं उमटली होती, ग्रहणातल्या चंद्रसूर्यासारखी एकावर एक चढलेली. परदेशात गव्हाच्या शेतांतही अशी नक्षी उमटते आणि तिचा संबंध थेट सूर्यग्रहणाशी असतो, असं खाली लिहिलं होतं. म्हणे! मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. शेजारच्या नईमभाईंची गाडी ठरवली आणि पर्समध्ये मोजायची टेप टाकली.

शहर संपता संपेना. पार फुलंब्रीपर्यंत रानात प्लॉटिंगचे पांढरे दगड आणि स्वागताच्या कमानी. 'निसर्गाच्या कुशीत घर' असं एका फलकावर वाचलं. त्या कुशीत हिरवं पान नव्हतं. फुलंब्रीला गरम भजी खाल्ली, तोंड पोळलं, पाणी मागितलं तर टपरीवाल्यानं विकतची बाटली पुढं केली.

"मॅडम, टँकर आया तो पानी, नहीं तो ये बाटली," नईमभाई म्हणाले.

पिशोरच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागली होती. सगळं रान करपलेलं, फक्त एका विहिरीलगत गुडघाभर मक्याचा तुकडा हिरवा होता आणि त्यात जत्रा भरली होती. काठीला मोबाईल लावलेला एक गॉगलवाला ओरडत होता, "हा सूर्य, हा चंद्र! पुढच्या ग्रहणाचा नकाशा आहे हा!"

मी तरातरा आत घुसले आणि टेप लावली. दोन्ही वर्तुळं सारख्या मापाची, दोन्हींच्या मधोमध एकेक भोक.

"अहो, इथं खुंटी ठोकलेली दिसतेय. दोरीच्या मापाचं वर्तुळ आहे हे!"

"मॅडम, तिथं परग्रहावरच्या यानाचा पाय टेकला होता," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या पिटल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बांधावर एक बाई उभी होती. "मावशी, बाजूला व्हा, फोटोत येताय," कुणीतरी तिच्यावर खेकसलं. शेत तिचंच होतं. यमुनाबाई तिचं नाव. दुष्काळात मेंढरं गेली, एक गाय राहिली, ती महिन्याभरात विणार होती. तोवर तिला चारा पुरावा म्हणून यमुनाबाईंनी विहिरीच्या तळचं पाणी घागरीनं घालून हा मका जगवला होता.

वर्तुळं कुणी काढली, मी विचारलं.

"गाईनं. गिराण (ग्रहण) व्हतं ना बाई! घरात जनावर गाभण असलं की वेध लागल्यापासून विळा लावायचा नाय, वासराला खोट येती. मंग चारा कापायचा कसा? मेख (खुंटी) ठोकली अन् चऱ्हाटाला बांधली तिला मक्यात. दोर पुरला तितकं गोल खाल्लं तिनं. मंग मेख जरा सरकवली."

म्हणजे ग्रहणाचा संबंध होता! मी ते सगळ्यांना ओरडून सांगितलं. "गाय कुठंय? सेल्फी घेऊ," एवढंच कुणीतरी म्हणालं. मी दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं, तेवढ्यात दहा जण आत शिरले.

दुपार कलताना गर्दी पांगली. मका भुईसपाट झाला होता. गाईनं खाल्लेला तुकडा केवढासा, माणसांनी तुडवलेला केवढा! मातीनं माखलेली मक्याची ताटं गाय हुंगत होती आणि तोंड फिरवत होती.

"आता काय करणार?"

"चारा छावणीला न्यायची. तीन कोस चालंल कशी, देवाला ठावं." मग त्यांनी विचारलं, "बाई, पुढलं गिराण कवा हाय?"

मला बरं वाटलं. मी चंद्राच्या सावलीचं सांगायला लागले.

"ते ऱ्हाऊ द्या. दिवस सांगून ठेवा फकस्त. त्या दिशी गाय गाभण असली तरी मी विळाच लावणार. वासराला खोट आली तर येऊ दे, पर मान्सं नकोत."

परतीच्या वाटेवर यमुनाबाईंचंच बोलणं डोक्यात घोळत होतं. ग्रहणात विळा लावल्यानं वासराला काही होत नाही, हे खरंच आहे. पण यमुनाबाईंना ते पटलेलं नव्हतंच. त्यांनी फक्त वासरापेक्षा आमची धास्ती जास्त घेतली होती. उस्मानपुऱ्यात उतरले तेव्हा माझ्या चपलांना मक्याचा हिरवा चिखल लागलेला होता.