टाळी आणि चॉप चॉप

आधी टाळ्या वाजल्या. मग आवाज आला, "चॉप चॉप!"

केळव्याच्या एका रिसॉर्टमध्ये बारावीनंतर मी वाढपाचं काम करत होते. टाळ्या वाजवणारा पाहुण्यांचा मुलगा, असेल सातआठ वर्षांचा. "स्मार्ट आहे ना?" त्याची आई म्हणाली. मला नाही, शेजारच्या टेबलाला. सगळे हसले. मी धावले. गरम आमटी अंगठ्यावर सांडली, भाजलं, तरी धावले.

त्या दिवसापासून मॅनेजरनं मला नावानं हाक मारणं सोडलं. टाळी, आणि चॉप चॉप. म्हणजे काय, मी विचारलं.

"म्हणजे लवकर. तुम्हा जंगलातल्या लोकांना असंच कळतं."

मी मनोरच्या वरच्या पाड्यावरची. आमच्याकडे भाताच्या आवणीला बायका एका रांगेत वाकतात. एखादी मागे पडली तर शेजारची तिच्या वाट्याची रोपं लावते. रांग मोडत नाही. आणि हा मला लवकर म्हणजे काय ते शिकवणार!

पुढे पालघरच्या कॉलेजात इंग्रजी घेतलं. ग्रंथालयातल्या जाडजूड कोशात वेगाचे वाक्प्रचार शोधत बसायचे. 'ग्रीज्ड लाइटनिंग', म्हणजे इंग्रजांची वीजसुद्धा वंगण लावून पळते, हे वाचून हसू आलं. 'हेल फॉर लेदर', म्हणजे भरधाव, हा आपल्याकडे आलेल्या गोऱ्या घोडेस्वारांच्या तोंडचा. मग चॉप चॉप सापडला. चीनच्या बंदरांतला. तिथल्या लोकांच्या बोलीतला 'लवकर' गोऱ्यांनी उचलला, आणि तिथल्याच हमालांवर, नोकरांवर ओरडायला वापरला. माझं डोकं फिरलं. शब्दसुद्धा त्या हमालांचाच!

आता मी बोईसरच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे. गेल्या महिन्यात मला लाइनची सुपरवायझर केलं. पहिल्याच दिवशी साहेब आले. वाणगावच्या एक काकी, माझ्या आईच्या वयाच्या, खोकी चिकटवत होत्या. साहेबांनी त्यांच्या कानाशी टाळी वाजवली.

"लाइन स्लो आहे. तू बोल यांना. चॉप चॉप! इंग्लिश येतं ना तुला?"

बायकांचे हात थांबले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"येतं," मी म्हटलं. मग घरची बोली आपसूक तोंडात आली. "म्हणूनच नाय बोलनार. टाळी वाजवायची नाय, साहेब. मानसं हायत. नावानं हाक मारा."

"सुपरवायझर राहायचंय ना?"

"रायचंय. पन असं नाय."

ते पाय आपटत गेले. मी काकींच्या शेजारी उभी राहिले आणि त्यांच्यापुढं साचलेली खोकी चिकटवायला लागले.

"जाल गो बाय तुजी जागा," काकी हळूच म्हणाल्या.

गेली तर जाऊ दे. चीनच्या बंदरातून निघालेला तो शब्द केळव्याला आला, बोईसरला पोचला. माझ्या तोंडून तो पुढं जाणार नाही.