बाबांनी चाखलेली काळी बिअर

जव भाजल्याचा वास आला की मला आमगावच्या आमच्या घराचं अंगण आठवतं. मी पुण्यात एका कारखान्यात बिअर बनवायला लागले होते आणि धानाचा व्यापार करणारे बाबा गावात सांगत, पोरगी बिस्किटाच्या कंपनीत आहे. त्या दिवाळीत मी स्वतः बनवलेल्या तीन बाटल्या घरी नेल्या. बाबांना फक्त स्ट्राँग बिअर ठाऊक. ती थंडगार असली की झालं. अंगणात धान वाळत होतं, उन्हं कलली होती. पहिली, गव्हाची बिअर पिऊन ते म्हणाले, "हे तं सरबत होय." दुसरीचा घोट घेताच तोंड वाकडं झालं. "काऊन वो, इतकी कडू कायले केलीस?" मी म्हटलं, "बाबा, लगेच गिळू नका, जरा जिभेवर राहू द्या." तिसरी काळी, भाजलेल्या जवाची. ती त्यांनी तोंडात धरली, जिभेवर घोळवली आणि मग गिळली. "गंजाच्या बुडाची भाताची खरवड खाऊन राहिलो असं वाटते," ते हळूच म्हणाले आणि ग्लास पुढे केला, "थे कडूवाली आण बरं पुन्हा." तेवढ्यात शेजारचे काका फाटक उघडून आत आले. त्यांना बाटल्या दिसतील म्हणून मी घाबरले. पण बाबांनीच त्यांच्या हातात ग्लास दिला. "पिऊन पाय. माह्या पोरीनं बनवली हाय." मी दोघांचेही ग्लास पुन्हा भरले. आता नवी बिअर जमली की मी ती आधी आमगावला नेते, आणि बाबांनी चाखल्याशिवाय तिला नाव देत नाही.