दिवाणखान्यातली म्हैस

मी नगरपालिकेत घरपट्टीची आकारणी करते. लोकांच्या घरात शिरायचं, टेप लावायचा, खोल्या मोजायच्या, वर पत्रे आहेत की स्लॅब ते लिहायचं, आणि त्यावरून त्या घराची वर्षाची घरपट्टी ठरते. मी गल्लीत पाऊल टाकलं की घरं अंग चोरून बसतात. काल चार खोल्यांचं असलेलं घर आज दोन खोल्यांचं होतं. उरलेल्या दोन खोल्या भावाच्या असतात, आणि भाऊ पुण्याला असतो. "म्याडम, अजून अर्धंच काम झालंय बघा," असं एक गृहस्थ मला दारात सांगत होते तेव्हा आत त्यांच्या नातवाच्या तिसऱ्या वाढदिवसाचे फुगे लागलेले होते. लोक तिकीट काढून नाटकं बघतात. मला ती रोज सकाळी दहा ते एक बघायला मिळतात, वर पगार मिळतो.

माझीही एक युक्ती आहे. घरात गेले की मी आधी पाणी मागते. पाणी आणायला गेलेली बाई किती वेळानं परत येते आणि वाटेत किती दारं करकरतात, ते मी कान देऊन ऐकते. दोन खोल्यांच्या घरात तांब्या यायला इतका उशीर होत नसतो.

ही युक्ती सुचण्याआधी मात्र मी एकदा सपशेल फसले होते. या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. नोकरीला लागून चार महिनेही झाले नव्हते. गावाच्या कडेला एका ऊसवाल्या शेतकऱ्यानं नवं घर बांधल्याचं कळलं म्हणून मी गेले. दार उघडलं तर दिवाणखान्यात म्हैस. चकचकीत शहाबादी फरशीवर तिचे चार पाय चार दिशांना निघाले होते आणि ती कशीबशी त्यांना गोळा करून उभी होती. तिच्या डोक्यावर भिंतीत घड्याळ टिकटिकत होतं. नव्या रंगाचा वास आणि शेणाचा वास एकमेकांशी भांडत होते. जिना कडब्याच्या पेंढ्यांनी बुजवलेला. मालक हात जोडून म्हणाले की हा आमचा गोठा, आम्ही आपले पलीकडं जुन्या घरात राहतो. एवढ्यात म्हशीचा मागचा पाय सुटला आणि ती अख्खी माझ्या दिशेनं घसरत आली. मी उंबऱ्याबाहेर उडी मारली आणि तिथंच उभ्या उभ्या लिहून टाकलं, गोठा, पत्र्याचा, एक. गोठ्याला घड्याळ कशाला लागतं हा प्रश्न मला घरी जाऊन भाकरी खाताना पडला. पण परत जाऊन म्हशीला तोंड द्यायची छाती नव्हती. पुढं तो भाग दुसऱ्या कोणाकडं गेला आणि प्रत्येकानं माझंच लिहिलेलं खाली उतरवलं.

गेल्या दिवाळीनंतर तेच मालक माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. केस पांढरे झालेले, कपाळाला घाम. म्हणाले, "म्याडम, आमचं घर मोजा."

माझ्या सगळ्या नोकरीत हे वाक्य कोणी उच्चारलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा पंखासुद्धा थबकल्यासारखा वाटला. मी त्यांना बसवलं, चहा मागवला, आणि काय झालं ते विचारलं.

झालं होतं असं. त्यांचा मुलगा बत्तिशीला आलेला. ऊस आहे, ट्रॅक्टर आहे, विहिरीला पाणी आहे, पण मुली नोकरीवालाच हवा म्हणतात. पोहे खाऊन खाऊन पोराला पोह्यांचा राग यायला लागला होता. शेवटी उमरग्याकडची एक नर्स असलेली मुलगी कशीबशी तयार झाली. पण तिचे वडील निवृत्त तलाठी. आयुष्यभर कागद बघितलेला माणूस. सोयरीक जुळवण्याआधी त्यानं गुपचूप घराचा उतारा काढला. त्यावर लिहिलेलं, गोठा, पत्र्याचा, एक. त्यांनी फोन केला आणि एवढंच विचारलं, "आमची पोरगी ऱ्हाणार कुठं? दावणीला?"

गुरुवारी ते मुलीला घेऊन घर बघायला यायचे होते. तोवर घराचा धड कागद समोर आला नाही तर हे स्थळ हातचं जाणार होतं, आणि दुसरं दिसत नव्हतं. मी सांगितलं, नवा उतारा तीन दिवसांत निघत नाही, त्याला नोटीस असते, हरकतीची मुदत असते. पण मी स्वतः येऊन पाहणी करीन आणि पाहणीचा कागद सहीनिशी देईन. खरं म्हणजे मी गोठा लिहिला नसता तर हा माणूस माझ्यासमोर घाम पुसत बसला नसता. हे मात्र मी बोलले नाही.

गुरुवारी सकाळी मी आणि आमचे शिपाई टेप घेऊन पोचलो. आणि काय सांगू, घरानं छाती फुगवली होती. मालकांनी सगळी दारं सताड उघडली होती. जिन्यावरचा कडबा गायब. वर दोन खोल्या, फरशी लावलेलं न्हाणीघर, गच्ची. शिपाई टेपचं टोक भिंतीला लावत, तर मालक भिंतीच्याही पलीकडं लावायला सांगत. "ह्यो ओटा बी खोलीत धरा." "जिना बी मोजा की, लई मोठा हाय." पाण्याची टाकी मोजा म्हणाले. एका क्षणी तुळशीवृंदावनाकडं बोट गेलं, तेव्हा आतून त्यांची बायको ओरडली, "तिला तरी सोडा."

आम्ही गच्चीवर असतानाच दारात गाडी थांबली. पाहुणे तासभर आधी आले होते. तलाठीसाहेब, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. मागं त्यांची मुलगी, खांद्याला पर्स, पायात बूट. तलाठीसाहेबांना हातपाय धुवायला पाणी दिलं तर त्यांचं लक्ष टेपकडं. अर्ध्या मिनिटात त्यांनी शिपायांच्या हातून टोक काढून घेतलं. "ढिला धरलाय तुम्ही. ताणा." निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांच्या अंगात वारं आलं होतं. आमची जोडी जमली. मी आकडा वाचायची, ते तपासायचे आणि मालकांनी फुगवलेलं एकेक खाली आणायचे. ओटा म्हणजे खोली नव्हे. जिन्याचा काय संबंध? मालकांचा चेहरा उतरत चालला, आणि मी आपली खालमानेनं लिहीत होते, कारण वर बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं.

मोजून झालं. पाच खोल्या, पक्कं बांधकाम, स्लॅब. तलाठीसाहेब खूश झाले. मग त्यांनी चष्मा काढला आणि नको तोच प्रश्न विचारला: एवढं घर असताना उताऱ्यावर गोठा कसा?

मालक म्हणाले, तेव्हा गोठाच होता, घर मागून बांधलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "व्हय का न्हाय, म्याडम?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर एका आईबापाचं गेलेलं स्थळ माझ्या डोक्यावर. मी पाणी मागितलं, या वेळी खरंच तहान लागली म्हणून.

तेवढ्यात इतका वेळ दाराला टेकून उभा असलेला मुलगा बोलला. ट्रॅक्टरवर बसून रापलेला, बोलताना फरशीकडं बघणारा. "न्हाय अण्णा. घर तवाबी ह्येच व्हतं. म्हैस म्याच आत घातली व्हती. दोन तास लागले. ती यायला तयारच नव्हती."

त्याच्या आईनं कपाळावर हात मारला. तलाठीसाहेबांनी मला विचारलं, आणि मग मी सगळं सांगितलं: फरशी, घड्याळ, घसरणारी म्हैस, माझी उडी. उडी मी मारूनही दाखवली. या वयात ती फार उंच जात नाही.

पहिली हसली ती मुलगी. पर्स बाजूला ठेवून, डोळे पुसत हसली. मग तिनं मुलाला विचारलं, "तिला काही लागलं का?"

"न्हाय. पन दोन दिवस दूध दिलं न्हाय तिनं."

तलाठीसाहेबांना हसू येत नव्हतं. इतक्या वर्षांच्या घरपट्टीचा फरक भरावा लागेल, ते म्हणाले. मालक म्हणाले, भरतो. तलाठीसाहेब म्हणाले, प्रश्न पैशाचा नाही, माणसाच्या शब्दाचा आहे. ते उठायच्या बेतात होते, एक हात गुडघ्यावरही गेला होता.

"पप्पा, बसा," मुलगी म्हणाली. "बाप लपवतो आणि पोरगा चारचौघांत सांगून टाकतो. ह्याला खोटं बोलायला येत न्हाय. मला चालंल."

तलाठीसाहेब बसले. मुलाचे कान इतके लाल झाले की मला वाटलं आता याला कोणीतरी पंखा लावा. त्याची आई आत पळाली आणि साखर घेऊन आली. तिनं ती पहिल्यांदा चुकून आमच्या शिपायांच्याच तोंडात घातली.

सगळ्यांची तोंडं गोड झाल्यावर मी कागद पुरा करायला बसले. तर मालक हळूच माझ्या खुर्चीशी सरकले. लग्न ठरलं होतं. माणूस ताळ्यावर आला होता.

"म्याडम," ते कानाशी येऊन म्हणाले, "ती वरची मागची खोली हाय न्हवं, ती सोडा की आता. तिथं कोन ऱ्हातंय?"

मी पेन उचललेलंच होतं. पलीकडून मुलगी उठून आली, पाहणीच्या कागदावर वाकली आणि तिनं त्या खोलीच्या ओळीवर बोट ठेवलं.

"लिहा म्याडम," ती म्हणाली. "तिथं मी ऱ्हाणार हाय."

मी लिहिलं. दहा बाय बारा, स्लॅब, वापरात.