दुरुस्तीचं भूमिपूजन

आमच्या गल्लीतली सुरेखा नगरसेविका झाली ती टाकीपायी. टाकी म्हणजे वॉर्डाची उंच पाण्याची टाकी. ती बांधताना मी वाळूच्या पाट्या वाहिल्यात. नवी होती तेव्हा लोक लेकरं खांद्यावर घेऊन बघायला यायचे. आता खांबांचं सिमेंट फुगून पापुद्रे सुटलेले, आतले गज गंजून उघडे पडलेले. आणि तिच्या सावलीलाच अंगणवाडी. सुरेखाची लेक संस्कृती तिथंच जायची. एकदा खिचडीच्या पातेल्यात वरून खपला पडला. मदतनीस लंकाबाई म्हणाली, "बरं झालं, मीठ कमीच हुतं."

सगळे हसले, सुरेखा हसली नाही. टाकी दुरुस्त करीन म्हणाली, उभी राहिली आणि निवडून आली.

बाई माहेरची राजूरची. बोलणं कमी, पण धरलेलं सोडायची नाही. दर सभेला तिचा एकच विषय. नगराध्यक्ष रामहरीभाऊ तसे गोड माणूस, जन्मात कुणाला 'नाही' म्हणाले नसतील.

"घेऊ की ताई. पुढच्या टायमाला नक्की घेऊ."

पुढच्या टायमाला वेशीची कमान मंजूर व्हायची, नाहीतर चौकातलं कारंजं. त्या कारंज्याला पाणी कुठलं, तर याच टाकीचं.

शेवटी तिचा नवरा आदिनाथ बोलला. त्याचं पंक्चरचं दुकान, त्यामुळं गावातलं सगळं त्याच्या कानावर.

"अगं, दुरुस्तीला कुनी नारळ फोडलेला बघितलास का? नव्या कामाला फोडत्यात. फोटू न्हाई, पाटी न्हाई, मग मानूस करंल कशाला?"

सुरेखा दुसऱ्या दिवशी भाऊंकडं गेली. "भाऊ, दुरुस्तीचंच भूमिपूजन करू. तुमच्या नावाची मोठी पाटी लावू. माझं नाव खाली बारीक असलं तरी चालंल."

जे इतक्या सभांत झालं नाही ते चहाचा कप रिकामा व्हायच्या आत झालं.

काय तो थाट होता. मांडव, फेटे, पेढे, हलगी. दुरुस्तीला भूमी कुठली पुजायची म्हणून गुरुजींनी खांबालाच हळद-कुंकू लावलं. काळ्या दगडाची पाटी आली, सोनेरी अक्षरांची. भाऊंनी ती लांबून बघितली.

"खाली नको. खांबालाच बशीव, रस्त्यावनं दिसली पायजे."

गवंड्यानं छिन्नी लावली तशी सुरेखा पुढं झाली. "भाऊ, त्यो खांब आधीच पोकळ झालाय."

"ताई, दुरुस्ती त्याचीच करायची हाय ना? मग भोक पडलं तर बुजवू की."

मांडवात हशा पिकला. घाव बसत गेले आणि खांबाचा दाराएवढा ढपला सुटून खाली आला. भेग वर सरकताना दिसत होती. सुरेखानं मांडवातनं धाव घेतली ती थेट अंगणवाडीत. दोन्ही काखेत पोरं, मागं लंकाबाई बाकीच्यांना हाकत. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही.

नगरहून इंजिनीअर आले. त्यांनी टाकी रिकामी करायला लावली आणि वापर कायमचा बंद केला. आता नवीन टाकीच बांधायची असं ठरलं. भाऊंच्या तोंडावर मला तरी दुःख दिसलं नाही. पोरं समाजमंदिरात बसायला लागली आणि वॉर्डाला टँकर सुरू झाला.

गेल्या निवडणुकीत रामहरीभाऊ आरामात निवडून आले, सुरेखा पडली. लोकांचं म्हणणं सरळ होतं. टाकी जुनी होती, पण घरात पाणी येत होतं. हिनं हात लावला आणि पाणी गेलं. पोरं वाचली ही गोष्ट कुणी काढत नाही. न घडलेलं कुणाला दिसतं?

परवा टँकर आला. सुरेखा हंडा घेऊन रांगेत उभी होती. पुढच्या आक्काबाईनं मागं वळून बघितलं. तिचा नातू त्याच अंगणवाडीतला.

"ताई, तुमी शेवटी भरा. आमाला हितं उभं तुमीच केलंय."

सुरेखानं हंडा उचलला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिची पाळी यायच्या आत टँकर रिकामा झाला.