ब्रेकचा रॉड जोडायचा राहिला

मित्रांनो, आज माझ्या चुकीमुळे बायकोचा हात मोडला.

पंक्चर काढायला सकाळी अंगणातच बाइकचं मागचं चाक खोललं होतं. परत बसवताना बाबा म्हणाले, "ब्रेकचा रॉड जोडलास काय रे? मला जोडलेला दिसत नाय."

मी न बघताच हो म्हणालो. वर त्यांना आत जाऊन बसायला सांगितलं.

बायकोला मागे बसवून महाडला निघालो. घराखालच्या उतारावर मागचा ब्रेक लागेना. घाबरून पुढचा करकचून दाबला, गाडी घसरली आणि बायको हातावर आपटली.

प्लास्टर घालून आम्ही घरी आलो. बाबा लगेच तिच्यासाठी पेज करायला गेले.

तिची माफी दवाखान्यातच मागितली. बाबांसमोर मात्र तोंड उघडत नाही. तुम्ही कधी वडिलांना "माझं चुकलं" म्हणालात का?